दुर्बीण नसलेल्या शाळेत आकाश कसं शिकवायचं?

प्रश्न: धुळे जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र आहे. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात जाऊन आल्यापासून मुलं रॉकेट, चंद्र, एलियन असलंच काहीबाही विचारत असतात. ही ओढ विज्ञानाकडे कशी वळवू? २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त आम्ही भाषणं आणि चित्रकला स्पर्धा घेतो, पण दुसऱ्या दिवशी सगळं थंड होतं. लोकवर्गणीतून दुर्बीण घ्यावी का?

उत्तर:

सर, दुर्बिणीचं अगदी शेवटी सांगते. आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मुलाला अवकाशाची माहिती दिली म्हणजे विज्ञान शिकवून झालं असं होत नाही. ग्रहांची नावं ओळीने म्हणता आली, इस्रोच्या मोहिमांच्या तारखा सांगता आल्या, तरी ते मूल घरी जाताना एकदाही मान वर करून बघत नसेल तर आपण काहीच साधलं नाही. नीट बघणं, बघितलेलं मोजून लिहून ठेवणं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून काय होतं ते पाहणं, एवढ्या सवयी चौथीपर्यंत लागल्या तर पुढचं विज्ञान सोपं जातं. आज तुमच्या वर्गात जी ओढ आहे ती या सवयी लावायला वापरा. पालकांनी लिहून दिलेली भाषणं मात्र बंद करा. त्यात मुलाचं स्वतःचं एक वाक्य नसतं.

मी सुरुवात नेहमी चंद्रापासून करत आले. त्याला पैसा लागत नाही आणि तो रोज बदलतो. अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोर दिसते. त्या दिवसापासून महिनाभर चंद्राची वही ठेवायची. रोज एक गोल काढायचा, जेवढा भाग उजळ दिसला तेवढा मोकळा ठेवून बाकीचा पेन्सिलीने काळा करायचा. शेजारी तारीख, किती वाजले आणि चंद्र कशाच्या डोक्यावर होता ते लिहायचं: पाण्याच्या टाकीच्या, निंबाच्या, मारुतीच्या देवळाच्या. दिशा आणि अंश नंतर. चौथीच्या मुलाला आधी आपलं गाव पुरे.

आठ-दहा दिवसांत वर्गात पहिलं भांडण होतं. एक म्हणतो चंद्र टाकीवर होता, दुसरी म्हणते शाळेवर. दोघंही खरं सांगत असतात, फक्त वेळ वेगवेगळी असते. त्यातून वर्गाला स्वतःलाच कळतं की वेळ ठरवून बघितलं नाही तर तुलना करता येत नाही. हा नियम तुम्ही फळ्यावर लिहून दिला असता तर त्यांनी उतरवून घेतला असता आणि विसरले असते.

पौर्णिमेनंतर चंद्र संध्याकाळी लवकर उगवत नाही आणि वह्या थांबतात. तिथे संकष्टी हाताशी येते. ज्या घरी उपास असतो त्या घरी आई चंद्रोदयाची वाट बघतच असते आणि दिनदर्शिकेत वेळ छापलेली असते. मुलांना सांगा, छापलेली वेळ लिहून घ्या आणि चंद्र खरोखर केव्हा दिसला तेही लिहा. टेकडीआड, घराआड असेल तर उशीर होणारच. मग दुसऱ्या दिवशी किती वाजता उगवला? सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. का, हे लगेच सांगू नका. त्यानंतर वद्य सप्तमी ते दशमीच्या दरम्यान साडेदहाच्या परिपाठाला मुलं रांगेत उभी असतील तेव्हा पश्चिमेच्या आकाशात बोट दाखवा. दिवसाढवळ्या चंद्र! मोठ्यांनाही ठामपणे वाटत असतं की चंद्र रात्रीच असतो. मुलं त्या दिवशी घरी जाऊन आजोबांशी वाद घालतात, आणि हातात पुरावा असल्यामुळे जिंकतात.

आता चंद्राच्या कला, म्हणजे त्याचा रोज बदलणारा आकार, का होतात याचा खुलासा. पुष्कळ मुलं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ शिक्षकही, पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते असं सांगतात. ते ग्रहणाचं कारण आहे, कलांचं नव्हे. वर्गाच्या खिडक्यांना पोती किंवा सतरंज्या लावून अंधार करा, मध्ये डोक्याच्या उंचीवर एकच दिवा लावा. पांढरा चेंडू किंवा चुना लावलेलं लिंबू काडीला टोचून मुलाच्या हातात द्या. दिवा म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र आणि स्वतःचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून, लिंबू डोक्यापेक्षा किंचित वर धरून, मुलाने डावीकडे हळूहळू स्वतःभोवती फिरायचं. दिव्याच्या दिशेला लिंबू काळं, थोडं फिरल्यावर उजव्या कडेला कोर, दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण उजळ. फिरत असताना त्याने आपल्या वहीतली चित्रं शेजाऱ्याकडून एकेक करून वाचून घ्यायची. वहीतलं आठवं चित्र आणि हातातलं लिंबू सारखं दिसलं की मूल जागच्या जागी थांबतं. तो क्षण घाईत घालवू नका. प्रत्येकाला फिरू द्या, दोन तास गेले तरी चालतील. शेवटी पौर्णिमेच्या जागी लिंबू खाली आणायला सांगा. डोक्याची सावली त्यावर पडते, तेच चंद्रग्रहण. आणि एरवी लिंबू किंचित वर धरतो म्हणून ते होत नाही. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरकी असल्याने दर पौर्णिमेला ग्रहण लागत नाही. ग्रहणाची भीती ज्या घरात आहे तिथल्या मुलाला चारचौघांत खोटं पाडू नका. लिंबू त्याच्या हातात द्या, तेवढं पुरतं.

अंतराचा अंदाज मुलांना अजिबात नसतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका पानावर बसवावे लागतात. यासाठी एक टपोरा हरभरा घ्या, साधारण एक सेंटिमीटरचा. ही पृथ्वी. बाजरीचा दाणा हा चंद्र. प्रत्येक जोडीला हे दोन दाणे द्या आणि विचारा, चंद्र किती लांब ठेवाल? बहुतेक जण दोन-तीन बोटांवर ठेवतात. मग हरभरे ओळीने मांडायला लावा: तीस हरभरे, म्हणजे ३० सेंटिमीटर, तुमची वर्गातली पट्टी. प्रत्यक्षात ३ लाख ८४ हजार किलोमीटर. या मापाने शुभांशू शुक्ला ज्या स्थानकात होते ते हरभऱ्याच्या सालीपासून एक मिलिमीटरही वर नाही, जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, कारण ते जमिनीपासून फक्त ४०० किलोमीटरवर आहे. हे ऐकल्यावर मुलं हरभरा डोळ्याजवळ नेऊन बघतात. आणि सूर्य? बैलगाडीचं चाक. सुमारे १०९ सेंटिमीटर व्यासाचं, तिथून ११७ मीटरवर. गाडीचं चाक कोणाच्या तरी खळ्यात पडलेलं असतंच. ते शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभं करा आणि हरभरा घेऊन पावलं मोजत चाला. पुढे विचारतीलच, दुसरा सूर्य, म्हणजे जवळचा तारा, कुठे ठेवायचा? या मापाने तो साडेएकतीस हजार किलोमीटरवर येतो. पृथ्वीभोवतीची पाऊण फेरी ओलांडून. हा आकडा मुलांना सांगा आणि गप्प राहा. त्यांना त्यावर विचार करू द्या.

सावलीची काठी हा माझा सर्वांत आवडता धडा, आणि तो आपल्या खानदेशात फार चांगला जमतो. एक मीटरची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने उभी करा. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली केव्हा पडली? मुलं ठामपणे बारा म्हणतात. येते मात्र साडेबाराच्या आसपास; नोव्हेंबरात सव्वाबाराच्या सुमारास, फेब्रुवारीत जवळजवळ पाऊण वाजता. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण पंचाहत्तरच्या आसपास राहतो. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून आपला मध्यान्ह अर्धा तास उशिरा. मागेपुढे होण्याचं कारण चौथीला सांगायची गरज नाही, पण वहीत नोंद हवी.

आता हीच सर्वांत आखूड सावली वर्षभर मोजा, महिन्यातून एकदा. २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटर काठीची सावली जवळपास एक मीटरच पडते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती अडतीस-एकोणचाळीस सेंटिमीटरवर येते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धुळे, जळगाव, नंदुरबार इथे एका दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा सुट्टी असते, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा. घरच्या अंगणात कपबशी किंवा पाण्याचा गडू ठेवून बघता येतं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आणखी एक गंमत उरलेली असते. वर्षभर मध्यान्हीची सावली उत्तरेला पडायची, ती त्या दिवसांत दक्षिणेला पडते, दोन-चार सेंटिमीटरच, पण दक्षिणेला. ऊन पडलं तर चुकवू नका. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य सावली पुन्हा येते, पण ढगांमुळे बहुधा हुकते. नागपूर, पुणे, मुंबई सगळीकडे हे दिवस वेगवेगळे येतात, म्हणून दुसऱ्या गावच्या शाळेशी फोनवर जोडी जमवली तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मुलांनी स्वतः गोळा केलेला असेल.

सहल पाटणादेवीला नेत असाल तर तिथे फक्त धबधबा दाखवून परतू नका. चाळीसगावजवळच्या त्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी गणित आणि आकाशाचा अभ्यास चालत होता, हे खानदेशातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं. काठी बरोबर न्या, तिथेही सावली मोजा.

चांद्रयान-३ वर्गात आणायचं तर उतरण्याचा व्हिडिओ एकदा दाखवा, टाळ्या वाजवू द्या, आणि मग विचारा: तिथे उतरून त्याने केलं काय? २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला, त्याच्यावर चास्टे नावाचं उपकरण होतं. त्याने चंद्राच्या मातीत दहा तापमापक असलेली सळई खुपसली. वर माती ५० अंशांच्या आसपास तापलेली, आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली शून्याच्याही खाली १० अंशांपर्यंत थंड. हाच प्रयोग तुमच्या मैदानात होतो. लाल द्रव असलेला प्रयोगशाळेचा तापमापक घ्या. पाऱ्याचा नको, फुटला तर त्रास, आणि ताप बघायचा तर चालतच नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा सुटताना एकदा माती वरवर मोजा, मग काडीने आठ सेंटिमीटर भोक पाडून तिथे मोजा. झाडाखाली मोजा. ओल्या वाफ्यात मोजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फरक चांगलाच येतो. चंद्राइतका मोठा का येत नाही, हा प्रश्न मुलंच काढतील: तिथे हवा नाही, पाणी नाही, आणि वरची माती इतकी भुसभुशीत की उष्णता खाली झिरपतच नाही. आपण केलं तेच विक्रमने केलं, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठीच मी इतकी वर्षं शिकवलं.

चंद्रावरच्या खड्ड्यांसाठी घमेल्यात चुलीची चाळलेली राख चार बोटं भरा, वरून गेरूचा पातळ थर. वेगवेगळ्या उंचीवरून एकच गोटी टाका आणि खड्ड्याची रुंदी पट्टीने मोजा. मग उंची तीच ठेवून गोट्या बदला. एखादा मुलगा उंचीही बदलेल आणि गोटीही, आणि विचारेल खड्डा मोठा का झाला. त्याला वर्गालाच उत्तर देऊ द्या. विज्ञानाची शिस्त मुलांच्या अंगवळणी इथेच पडते. खानदेशाला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर असंच आदळण्याने झालं आहे, पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद, आणि तेही आपल्या विहिरीत लागतो त्याच काळ्या पाषाणात. चंद्रावर जे काळे डाग दिसतात तिथेही याच जातीचा खडक, बेसॉल्ट, पसरलेला आहे. १८४३ मध्ये तर आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या मानेगावला आकाशातून दगड पडला. तो ज्या प्रकारचा आहे ते दगड वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून आले असावेत असं शास्त्रज्ञ मानतात. कापसाच्या काळ्या मातीतून चालणाऱ्या मुलाला हे सांगितलं की चंद्र एकदम लांबचा राहत नाही.

अंतराळवीर तरंगतात कसे? "वर गुरुत्वाकर्षण नसतं" हे उत्तर चुकीचं आहे आणि ते वर्गात शिरू देऊ नका. चारशे किलोमीटरवर ते जमिनीच्या जवळपास नव्वद टक्के असतं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीला तळाजवळ भोक पाडा, झाकण काढून ठेवा, धार लागू द्या. मग ओट्यावरून बाटली सोडून द्या. पडत असताना धार बंद होते. मुलांचा विश्वास बसत नाही, म्हणून दुसऱ्या शिक्षकांना मोबाइलवर संथ गतीत चित्रण करायला सांगा. बाटली आणि पाणी एकत्र पडतात म्हणून पाणी बाहेर येत नाही. स्थानक आणि माणसं अशीच एकत्र पडत असतात, पण ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पुढेही जातात, म्हणून पृथ्वीला धडकण्याऐवजी तिच्याभोवती दीड तासात फेरी मारतात. शुभांशू शुक्लांनी २०२५ च्या जून-जुलैत तिथे मेथी आणि मूग रुजवले होते. तुम्हीही काचेच्या ग्लासात ओला कपडा लावून मेथी रुजवा, मुळं खाली गेल्यावर ग्लास आडवा करा. दोन दिवसांत मुळं पुन्हा खाली वळतात. मग विचारा: जिथे खाली काय हेच कळत नाही तिथे मूळ कुठे जाईल?

रात्रीच्या कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते जानेवारी घ्या, वेचणीहून लोक परतल्यावर सातच्या सुमारास, एका तासात संपवा. पालकांना सोबत बोलवा. त्याशिवाय मुलींना पाठवत नाहीत, आणि मुली नसतील तर कार्यक्रम करूच नका. सरपंचांना सांगून रस्त्यावरचे दिवे तासभर बंद करून घ्या. जानेवारीत आठ वाजता पूर्वेकडे वर मृग आणि त्यातला तीन ताऱ्यांचा बाण दिसतो. गावातल्या एखाद्या जाणत्या बाबांना बोलायला लावा: मिरग केव्हा लागतो? जूनच्या सात-आठ तारखेला. मग तेव्हा हे तारे रात्री दिसतात का? नाही दिसत, कारण तेव्हा सूर्यच त्या ताऱ्यांच्या दिशेला असतो, आणि नक्षत्र लागणं म्हणजे नेमकं तेच. ज्या म्हाताऱ्यांना आपण अडाणी समजतो त्यांच्याकडे हे ज्ञान आहे. मुलांनी ते त्यांच्याच तोंडून, घरात बोलतात त्या अहिराणीत ऐकावं. प्रश्नही अहिराणीत विचारू द्या. "हाई काय शे?", म्हणजे हे काय आहे, हा उत्तम वैज्ञानिक प्रश्न आहे.

तुमच्या भागातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जात असतील. त्यांच्या दप्तरात चंद्राची वही आवर्जून ठेवा. अभ्यास बुडतो, पण ही नोंद फडातही करता येते. परत आल्यावर त्यांची वही आणि गावात राहिलेल्यांची वही शेजारी ठेवली की तारखा आणि कोरा जुळतात. वर्गात त्या मुलांना मान मिळतो, तो दुसऱ्या कुठल्या विषयात क्वचितच मिळतो.

२३ ऑगस्टला आभाळ भरलेलंच असतं. त्या दिवशी लिंबाचा, राखेचा आणि बाटलीचा प्रयोग घ्या, आणि पालकांना मुलांनी समजावून सांगावं. शिक्षकांनी बोलायचं नाही.

आता दुर्बीण. लोकवर्गणी जमली तर पहिल्यांदा दहा गुणिले पन्नास मापाची दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर घ्या. भिंतीवर किंवा काठीवर टेकवून धरली तर चंद्रावरचे खड्डे, कृत्तिकांचा पुंजका आणि गुरूचे चार चंद्र दिसतात, तेच जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. गुरूजवळचे ठिपके रोज कागदावर काढा, जागा बदलताना दिसतील. शनीची कडी बघायला खरी दुर्बीण लागते. ती एका शाळेने घेण्यापेक्षा केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून घ्यावी, नाहीतर ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहते. घेताना "पाचशे पट मोठं दिसतं" असं लिहिलेला खोका टाळा. पुढच्या भिंगाची किंवा आरशाची रुंदी विचारा, आणि तिपाई हलवून बघा. डगमगत असेल तर घेऊ नका. कोणतीही दुर्बीण सूर्याकडे कधीच रोखायची नाही, हे पहिल्या दिवशी सांगा आणि मोठं माणूस शेजारी नसताना ती दिवसा बाहेर काढू नका. सूर्यग्रहणालाही काजळी लावलेली काच किंवा एक्सरेची फिल्म नको; पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडा.